आबेलिनोमामाची तिसरी थुंकी

सांता सोफिया
७ जून १९९८

ताई,

उद्या साउलची बोट पुकाल्पाला निघतेय, म्हणून घाईत लिहितो. तुला केळ्यांचा एक घड पाठवलाय. वाटेत साउलने त्यातली दोन-चार हाणली असतील तर त्याचा कान धर, तो गरीब चेहरा करून म्हणेल की माकडाने नेली.

तितोला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. नेल्वा अजून जेवताना त्याची वाटी मांडते. चार वर्षांचं पोर. पाच दिवसांत चिपाडासारखं झालं आणि गेलं. मी बाप असून शेजारच्या मच्छरदाणीत हिवतापाने कुडकुडत पडलेलो, मला शेवटचं नीट बघताही आलं नाही. तू होतीस म्हणून त्याच्या डोळ्यांवर कोणाचा तरी हात फिरला. हे उपकार मी विसरणार नाही.

तू गेल्यावर मी पुन्हा रोमुलोच्या कॅम्पवर लागलो. काम तेच. जंगलातून आयावास्काची वेल आणायची, ओंडक्यावर ठेवून मोगरीने ठेचायची, मोठ्या पातेल्यात पानं घालून दिवसभर उकळायची. परदेशी पाहुणे येतात, रात्री पितात, ओकतात, रडतात, सकाळी मिठ्या मारतात. हल्ली त्यांना कडक हवं असतं. शेवटी रोमुलो आम्हाला लांब पाठवतो आणि स्वतःच्या हाताने त्यात काहीतरी टाकतो. काय ते सांगत नाही. त्याच्या झोपडीमागचं ते भोंग्यासारख्या लटकत्या फुलांचं झाड बघितलंस ना तू? तेही आता पार बोडकं झालंय, किडीने खाल्लं की काय कोण जाणे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पोर उगाच मरत नाही, हे तुला मी सांगायला नको. कोणीतरी करणीचा काटा मारलेला असतो. रोमुलो म्हणाला, "ज्याचं पोर गेलं त्याने विचारायला नको, कोणी नेलं म्हणून?" परवा मी त्याच्या हातचा पेला प्यालो.

ताई, मला आपलं घर दिसलं. तितो चटईवर उघडा. आणि आबेलिनोमामा त्याच्यावर वाकलेला, त्याच्या पोटाला तोंड लावून. मामा पाठमोरा होता. तोच तो ढगळ निळा सदरा, मानेवरचा तोच चामखीळ. काटा फुंकून आत घालतात आणि ओढून बाहेर काढतात, तोंड दोन्ही वेळेला पोटालाच. गाल फुगले होते की आत गेले होते, तेवढंच मला दिसलं नाही.

आई-बाप गेल्यावर ज्याने आपल्याला वाढवलं त्याच्याबद्दल मी असं लिहितोय. पण फेब्रुवारीपासून आमचं बोलणं बंद आहे, तुला माहीत आहे. रोमुलोकडे काम करतो म्हणून त्याने मला सगळ्या गावासमोर "परदेशी लोकांचा आचारी" म्हटलं. मीही म्हटलं, माझ्या उंबऱ्याला पाय लावलास तर पाय तोडीन. मग तो आला कसा?

पाचही दिवस तू तिथे होतीस. मला खरं काय ते एका ओळीत कळव. मामा आला होता का? खरोखर आला असेल, काटा काढायला आला असेल, तर मी मासातोच्या दारूचं मडकं खांद्यावर घेऊन त्याच्या दारात जाईन आणि माफी मागेन. आला नसेल तर मग मला दिसलं ते काय होतं, ते माझं मी बघीन.

तुझा
हेर्सोन

•

पुकाल्पा
१३ जून १९९८

हेर्सोन, अरे गाढवा,

केळी पोचली. सात कमी होती. माकडाने नेली म्हणे.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. मामा? आपला मामा? ज्या माणसाला कोंबडी कापायची म्हटली की शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तो काटा मारणार? त्याला पुढचे दोन दात नाहीत, फुंकर मारली तर दिवाही विझत नाही. तू लहानपणी नदीत बुडत होतास तेव्हा कपड्यांसकट उडी कोणी मारली होती? विसरलास वाटतं.

विचारतोस म्हणून सांगते. मामा आला नाही. पाच दिवसांत एकदाही आला नाही. मी आणि नेल्वा दोघीच होतो. आईच्या कबरीची शपथ, तो आपल्या घराच्या आसपासही फिरकला नाही. झालं समाधान? तुला दिसलं ते तापातलं आणि दुःखातलं. पेल्यात काय, माणसाला गेल्या वर्षीची बकरीसुद्धा दिसते.

आणि "मडकं घेऊन माफी मागेन" वगैरे मला सांगू नकोस. तू हा गळ टाकायला लहानपणापासून पटाईत आहेस. "खरं सांग, मी रागावणार नाही" असं म्हणायचास आणि सांगितलं की दगड घेऊन मागे धावायचास. मी तुला ओळखते.

आता ऐक. ते पिणं बंद कर. मीठ खा, मासे खा, झोप. रोमुलोचा पेला हा आपल्या मामाचा पेला नव्हे. मामा स्वतः आधी पितो, महिनाभर आधी मीठ, डुकराचं मांस आणि बाईमाणूस सोडतो, रात्रभर उशाशी बसून गातो. रोमुलो काय करतो? पाजतो आणि जाऊन झोपतो.

नेल्वाला जप. तिची कूस रिकामी झालीय आणि तू तिला कोड्यात बोलून छळू नकोस. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात माझी जागा पक्की झाली. चादरी धुऊन धुऊन हाताची सालं गेली, पण दुपारचं जेवण मिळतं. जमलं की येते.

तुझी ताई
तेओलिंदा

•

सांता सोफिया
२८ जून १९९८

ताई,

तुझ्या शपथेने माझं काम झालं. देव तुझं भलं करो.

तो आला नव्हता. म्हणजे माणसासारखा चालत आला नव्हता. मग जो आला होता तो दुसऱ्या वाटेने आला. असं येणारा माणूस काटा काढायला येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तू मला गाढव म्हणालीस, पण कोडं तूच सोडवलंस.

खात्री करायला मी पुन्हा प्यालो. यावेळी दोन पेले. ओकारी आली नाही. तोंड मात्र राखेसारखं कोरडं पडलं, पाणी घशाखाली उतरेना. अंग भाजत होतं, पण घामाचा थेंब नाही. आणि ताई, तितो आला. खराखुरा. बाकावर माझ्या शेजारी बसला आणि माझ्याबरोबर विडी ओढायला लागला! मी म्हटलं, अरे बाबा, खोकला लागेल तुला. तर हसला. म्हणाला, मामाने माझ्या पोटात काय ठेवलंय बघ. माझ्या बोटातली विडी खाली पडली म्हणून मी वाकून शोधत होतो, तर रोमुलोची बायको म्हणाली, कसली विडी, सकाळपासून तुझ्या हातात काहीच नाही. सकाळ कधी झाली, मला कळलंच नाही. लोक म्हणतात तीन दिवस मी असा हिंडत होतो. मला त्यातलं एवढंच आठवतं.

दुसरं एक झालं. आपला काप्तान कुत्रा चुलीपाशी मरून पडलेला मिळाला, डोक्याची दोन शकलं झालेली. कोयता माझाच होता, त्याला केस चिकटले होते. मला काही आठवत नाही. रोमुलो म्हणतो, बरं केलंस, तो कुत्र्याच्या रूपात आला असणार. असेल. पण कुत्र्याचं तोंड काप्तानसारखंच होतं रे देवा. मी त्याला नदीकाठी पुरला आणि लहान पोरासारखा रडलो.

कॅम्पवरही गोंधळ झाला. लाल केसांचा एक पाहुणा पेला पिऊन आपलंच अंग ओरबाडायला लागला आणि काटेरी पामच्या झाडाला मिठ्या मारत सुटला. चौघांनी दाबून धरला. रोमुलोने त्याला मोटरबोटीत बांधून तुमच्या पुकाल्पाला पाठवला. रोमुलो म्हणतो, मनाने कच्चा होता.

नेल्वालाही मी विचारलं. तिने तुझंच पालुपद लावलं, मामा आला नाही, मामा आला नाही. डोळे मात्र माझ्याकडे करेना. मी एक थोबाडीत दिली. मग दुसरी. तिचा एक दात पडला. हे लिहायला मला लाज वाटते, पण तुझ्यापाशी काय लपवू? तरी तिचं तेच. त्या दिवसापासून ती घरात नाही, माहेरी गेली असेल.

साउलबरोबर बंदुकीच्या काडतुसांचं एक खोकं पाठव. इथे दुकानदार मला द्यायला तयार नाही, म्हणतो तुझे डोळे बघ आधी. नाही मिळाली तरी अडत नाही, कोयता आहेच. येत्या रविवारी आणखी एकदा पिऊन तितोला शेवटचं विचारतो, मग जातो.

हे पत्र तीन दिवस लिहितोय. जवळचं दिसत नाही, अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात.

हेर्सोन

•

पुकाल्पा
३ जुलै १९९८

हेर्सोन, माझ्या भावा,

काडतुसं पाठवत नाही. हे पत्र साउलला तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. उभ्या उभ्या वाच, दोनदा वाच, आणि वाचून होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकू नकोस.

मी खोटं बोलले. आईच्या कबरीची खोटी शपथ घेतली, तिथे माझं काय व्हायचं ते होवो. मामा आला होता. तितोच्या चौथ्या दिवशी, सकाळी. तू शेजारी तापाने बरळत पडला होतास. नेल्वाने आणि मी त्याला निरोप धाडला होता, तो मागच्या केळीतून गुपचूप आला. तुला कळू द्यायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. तू पेल्यात जे बघितलंस ते खरं आहे, तू तापातून डोळे किलकिले करून तेच बघितलं असणार. निळा सदरा, सगळं खरं. मी तितोचे पाय धरले होते, नेल्वाने हात. मामाने त्याचं पोट उघडं केलं आणि त्याला तोंड लावलं. तुझ्यापासून हे लपवलं, हा माझा गुन्हा.

(पान दुसरं)

त्याने ओढून काढलं, हेर्सोन. काढलं! त्याचे गाल आत गेले होते, मी समोरून बघत होते. आपली रीत तुला माहीत आहे, तीनदा ओढायचं आणि तीनदा केळीच्या पानावर थुंकायचं. दोनदा नुसतं पाणी आलं. तिसऱ्या थुंकीला काळा चिकट गोळा आला, आणि तितो चार दिवसांत पहिल्यांदा निवांत झोपला. तिसऱ्या थुंकीनेच सुटतं, हे मामाने आपल्याला लहानपणी हजारदा सांगितलंय.

पण मामा घाम पुसत काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, "माझं काम मी केलं, आता पोराच्या अंगातलं पाणी संपलंय. याला शहरात न्या, सलाईन लावा." साउलची बोट चार दिवसांनी होती. तेव्हा हा म्हातारा स्वतः रोमुलोच्या कॅम्पवर चालत गेला आणि त्याच्या मोटरबोटीसाठी हात जोडून उभा राहिला. रोमुलो म्हणाला, पाहुण्यांना नदीतले गुलाबी डॉल्फिन दाखवायला न्यायचंय, बोट मोकळी नाही. दुसऱ्या दिवशी तितो गेला. त्याला कोणी काटा मारला नाही रे. जुलाबाने गेला. आणि बोट दिली नाही म्हणून गेला.

तुझा लाल केसांचा पाहुणा इथेच आणला. त्याच्या चादरी मी धुतल्या. त्याला खाटेला बांधलं होतं, तरी त्याने आपल्या दंडाचा लचका तोडला. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की रंग दिसेना. तोंड कोरडं, अंग निखारा, भिंतीशी गप्पा आणि बोटात नसलेली सिगारेट ओढत होता. तिसऱ्या दिवशी मेला. आमच्या म्हाताऱ्या नर्सबाई इकडच्याच आहेत, त्यांनी एका नजरेत ओळखलं. म्हणाल्या, ही आयावास्काची वेल नव्हे. वेलीने माणूस ओकतो, रडतो, पण आपण कोण हे विसरत नाही. ही तोए आहे. रोमुलोच्या झोपडीमागचं भोंग्याच्या फुलांचं झाड! ते किडीने खाल्लेलं नाही, हेर्सोन. ते पाहुण्यांनी प्यालंय, आणि तू प्यालायस. मामा तुला ओरडत होता तो याच्यासाठीच.

बाई म्हणतात, तोए मेलेली माणसं शेजारी आणून बसवते आणि ती आपल्याच डोक्यातलं बोलतात. काप्तानला तूच मारलंस, त्यात कोणी शिरलं नव्हतं. आठवडाभर तुझ्या डोळ्यांना जवळचं दिसणार नाही. पेल्याला हात लावू नकोस. मामाकडे जा, पण मडकं घेऊन जा.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी येत्या बोटीने निघतेय.

तेओलिंदा

•

सांता सोफिया
रविवार

(मोठाली, एकमेकांवर चढलेली अक्षरं)

ताई पत्र मिळालं. मला दिसत नाही म्हणून रोमुलोने वाचून दाखवलं. एकच पान पण पुरे.

तर तो आला होता. तू पाय धरलेस आणि नेल्वाने हात. काढायला आला असता तर तिघांनी मिळून लपवलं कशाला असतं.

तुला मी काही करणार नाही, तू माझी ताई आहेस. पण माझ्यासमोर येऊ नकोस.

मी प्यालोय. तितो म्हणतो चल.

हे

•

पुकाल्पा
८ जुलै १९९८

शाळेच्या मिलाग्रोस बाईंना विनंती, हे आबेलिनोमामाला लगेच वाचून दाखवा. शाळा सुटायची वाट बघू नका.

मामा, पळ. हेर्सोन तुला मारायला येतोय. माझ्या पत्राचं एकच पान त्याला वाचून दाखवलंय, मी दोन पाठवली होती. रोमुलोने दुसरं दाबलं. त्याला तोए पाजलीय. त्याला समजावत बसू नकोस, मामा, तुझा स्वभाव मला माहीत आहे. होडीत बस आणि पलीकडच्या तीरावर जा. जे मिळेल त्या बोटीने मी येतेय.

तेओ

•

सांता सोफिया
११ जुलै १९९८

तेओलिंदा यांस,

आपली चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. वाचून दाखवायला माणूस उरलेला नाही. आबेलिनो सोमवारी सकाळी गेले. हेर्सोन त्याच कोयत्यासह नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा सापडला. तो मासे पकडतोय असं म्हणत होता. गावकऱ्यांनी त्याला फणसाएवढा सुजेपर्यंत मारला आणि पोलिसांच्या हवाली केला. मी मधे पडले म्हणून तो जिवंत आहे.

नेल्वा माझ्याकडे आहे. ती माहेरी गेली नव्हती, आबेलिनो यांच्याच घरी लपली होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. तिने अजून अन्नाला हात लावलेला नाही.

तुम्ही या. प्रेताला आंघोळ घालायला गावातले पुरुष धजत नाहीत, मी आणि नेल्वाने घातली. वार मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं.

मिलाग्रोस

•

पुकाल्पा, तुरुंग
२० सप्टेंबर १९९८

ताई,

तू तीनदा भेटायला आलीस आणि तिन्ही वेळा मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आता लिहितो. अक्षरं आता जागच्या जागी राहतात, चांगली वाचता येतात. हाच तर त्रास आहे.

रोमुलो पळालाय, तुला कळलं असेल. पकडायला गेले तेव्हा कॅम्प रिकामा होता. त्याच्या बायकोने पोलिसांना सांगितलं की दुसरं पान त्याने आधी मनात वाचलं, मग त्याच पानाने चूल पेटवली. मला म्हणाला होता, संपलं पत्र. तू ते पान पुन्हा लिहून वकिलाबरोबर पाठवलंस. ते मला तोंडपाठ झालंय. गाल आत गेले होते. मी समोरून बघत होते.

तू स्वतःला दोष देतेस असं नेल्वा सांगते. खोटं बोलले म्हणून मामा गेला, आणि खरं बोलले म्हणूनही तोच गेला, असं म्हणून तू डोकं आपटून घेतेस म्हणे. बंद कर ते. तू पत्रं लिहिलीस. रोमुलोने पेला भरला. पण त्या दिवशी कोयत्याला धार मी लावली होती, पिण्याच्या आधी, शुद्धीत. तेवढं मला आठवतं.

पुढचं काहीच आठवत नाही. तुला वाटेल मी सुटायला असं म्हणतोय. शप्पथ, ताई, काहीच नाही. मोगरीचा आवाज आठवतो आणि नंतर नदीचं पाणी कमरेला गार लागलेलं. मधला माणूस कोण होता, मला माहीत नाही. म्हणून मी नेल्वाला बोलावून घेतलं. ती आली. दात पडलेल्या जागी जीभ लावत लावत बोलते आता. मी म्हटलं, सगळं सांग, वगळू नकोस. तिने सांगितलं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकावं तसं मी ऐकलं.

मामा दारात केळी भाजत होता. मी मागच्या केळीच्या बागेतून आलो. नेल्वा किंचाळून पडवीत शिरली. मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे भाच्या, तुझे डोळे बघ! कोणत्या गाढवाने तुला तोए पाजली?" पळाला नाही. चिमटा खाली ठेवला, आणि हात वर करून शेजारचं केळीचं पान फाडून घेतलं. नेल्वाला वाटलं तोंड झाकायला घेतोय. मी पहिला वार खांद्यावर केला. हाड दिसलं म्हणे. मामा गुडघ्यावर आला. तरी पान सोडलं नाही.

मग तो गुडघ्यांवरच पुढे सरकला, ताई. माझ्या अंगावरच आला. एका हाताने माझा सदरा फाडला आणि माझ्या छातीला तोंड लावलं. ओढायला लागला. माझ्यातलं काढायला लागला. पुढचे दोन दात नसलेलं ते तोंड. मी वरून पाठीत घालत होतो आणि तो खालून ओढत होता. मला वाटलं असेल तो काटा घालतोय. नेल्वा म्हणते मी ओरडत होतो, "चावतोय, चावतोय." त्याने मान वळवली आणि पानावर थुंकला. पुन्हा तोंड लावलं. मी पुन्हा मारलं. पुन्हा थुंकला, त्यात रक्तच जास्त होतं.

मी नेल्वाला विचारलं, किती वेळा थुंकला? ती उठून चालली होती. मी गजांतून तिची बाही धरली आणि म्हटलं, एवढंच सांग आणि जा.

दोनदा, म्हणाली. तिसऱ्या खेपेला त्याने ओढलं होतं, गाल आत गेले होते, तिने समोरून बघितलं. पण मान वळवली नाही. त्याचं तोंड तसंच माझ्या छातीवर राहिलं, आणि तिलाच ते बोटांनी सोडवावं लागलं.

हेर्सोन